आण्णांचा राखीव

रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी शामराव आण्णा कॉम्प्युटरांची हजेरी घ्यायचे. थट्टा नाही, खरंच घ्यायचे. कामगारांच्या हजेरीचं लांबट, कापडी पुठ्ठ्याचं मस्टर असतं ना, तेच. नावाच्या रकान्यात 'स्टोअर १', 'पॅटर्न शॉप', 'अकौंट्स ४', 'डिस्पॅच २', आणि पुढं तारखांच्या चौकटींत निळ्या शाईनं 'पी' किंवा लाल शाईनं 'ए'. दुरुस्तीला गेलेल्या मशीनला 'एल', म्हणजे रजा. अकौंट्समधलं एक मशीन एकदा महिनाभर दुरुस्तीत अडकलं, तर आण्णांनी पुढं शेरा मारला होता, 'रजा शिल्लक नाही. ताकीद द्यावी.'

आमची फौंड्री उचगावच्या अंगाला. मी तिथं डिस्पॅचला, म्हणजे कुठलं कास्टिंग कुठल्या गाडीत चढलं त्याची चलनं करणारा कारकून. आण्णा टाइम ऑफिसचे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, उंचेपुरे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की भट्टीचा ब्लोअर चालू असला तरी त्यांना काही दोनदा सांगावं लागायचं नाही. सगळी नोकरी त्यांनी माणसांची हजेरी घेतली. मग कामगारांसाठी अंगठ्याचं यंत्र आलं आणि आण्णांचं मस्टर एका दिवसात रिकामं झालं. त्याच सुमारास ऑफिसातले तेवीस कॉम्प्युटर एका जाळ्यात जोडले गेले. जोडणारा जोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही. "ह्यांच्याकडं कोनतरी बगाय पायजे की," असं म्हणत आण्णांनी ते तेवीस जीव पदरात घेतले.

त्यासाठी ते शिकले, हे मात्र मानलं पाहिजे. पन्नाशीला टेकलेला माणूस डबा खाताना एका हाताला जाड इंग्रजी पुस्तक आणि दुसऱ्या हाताला डिक्शनरी घेऊन बसायचा. एका पानाला चार-चार दिवस लागायचे, पण वाचलेलं पक्कं. आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचायचं नाही. तो दुसरा बहुतेक मीच असायचो, कारण टाइम ऑफिस आणि डिस्पॅच यांच्यामध्ये एक काचेचं पार्टिशन होतं आणि त्यातली काच फुटलेली होती.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. स्क्रीनवर 'नेटवर्क नेबरहूड' म्हणून शेजाऱ्यांचं एक चित्र असायचं, ते दाबलं की ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं ओळीनं दिसायची. मला वाटायचं, दिसतात म्हणजे दिसतात. आण्णा म्हणाले, तसं नाही. ही यादी त्या तेवीसांतलाच कोणीतरी एक सांभाळत असतो, आणि त्याला कोणी साहेब नेमत नाही, मशीनं आपापसांत निवडतात. ज्याला यादी मिळेना तो हाळी देतो की अध्यक्ष दिसत नाही, निवडणूक घ्या. मग जो तो आपली पात्रता सांगतो. ज्याचं विंडोज नवं तो वरचढ. विंडोज सारखं असेल, तर जो जास्त वेळ न थांबता चालू आहे तो. आपल्यापेक्षा वरचढाचा आवाज आला की बाकीचे गप्प बसतात, आणि संपली निवडणूक. सगळा मामला काही सेकंदांचा.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटणं अवघड आहे. आमच्याकडं दूध सोसायटीची निवडणूक लागली तरी दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांच्या दारात जात नाहीत. आण्णांना त्या मशीनांचं फार कौतुक. ना पॅनेल, ना जेवणावळ, ना गुलाल. जो कमी तो आपणहून गप बसतो, हे माणसाला कधी जमायचं, असं ते उसासा टाकून म्हणायचे. भट्टीतल्या ओतीचे नंबर, म्हणजे हीट नंबर, लिहायच्या फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकोन आखून घेतला होता आणि रोज त्यात खडूनं निकाल लिहायचे. 'आजचे अध्यक्ष: पॅटर्न शॉप. राखीव: डिस्पॅच २.' भट्टीवरची माणसं येता-जाता तो वाचायची आणि पॅटर्न शॉपच्या माणसाला चहा मागायची.

तो राखीव म्हणजे आण्णांचा खरा जिव्हाळ्याचा विषय. निवडून आलेल्या अध्यक्षानं आधी काय करायचं, तर एक राखीव नेमायचा. आमच्याएवढ्या ऑफिसाला एकच पुरतो. राखीवानं दर पाव तासाला अध्यक्षाकडं जायचं आणि ताजी यादी उतरवून आणायची, म्हणजे अध्यक्ष बंद पडला तरी यादी त्याच्याबरोबर जात नाही. त्या राखीवाला कोणी विचारत नाही की बाबा, करशील का. निरोप येतो आणि तो राखीव होतो. आमच्या ऑफिसात हा मान नेहमी डिस्पॅच २ ला, म्हणजे माझ्या मशीनला मिळायचा. कारण सरळ होतं. त्याचं विंडोज जुनं, म्हणून ते अध्यक्ष व्हायचं नाही, पण त्याचं बटण टेबलाखाली भिंतीकडच्या बाजूला होतं, आणि माझी कंबर धरलेली असल्यामुळं मी ते कधी बंदच करत नसे.

हे राखीवाचं वेड पुढं कॉम्प्युटरपुरतं राहिलं नाही. "आनि ह्यो गेला तर?" हा आण्णांचा प्रश्न सगळ्या फौंड्रीला पाठ झाला होता. खिशाला दोन पेनं, डब्यात दोन चमचे, सायकलच्या कुलपाच्या किल्ल्या दोन आणि त्यातली एक वॉचमनकडं. नवीन मोटर आली की मिस्त्रीला विचारायचे, हिची जोडीदार कुठाय. आमच्या स्टोअरकीपरच्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभे असताना त्यांनी वधूपित्याला बाजूला घेऊन राखीव भटजी सांगून ठेवलाय का म्हणून विचारलं. तो बिचारा आधीच घामाघूम झालेला, त्याला वाटलं आतल्या भटजींना काहीतरी झालं. तो मांडवातून पळतच आत गेला, आणि मुहूर्त चार मिनिटं पुढं गेला.

मालकांच्या पुतण्याची गोष्ट तर अजून सांगतात. हे चिरंजीव पुण्याहून शिकून आले, येताना कोरा लॅपटॉप घेऊन आले, आणि दहा वाजता त्यांनी त्याची वायर आमच्या जाळ्यात खोचली. विंडोज सगळ्यांत नवं, त्यामुळं लॅपटॉप आल्या-आल्या अध्यक्ष. अकराला त्यांनी वायर उपटली आणि कारखाना बघायला गेले. अध्यक्ष गायब. मशीनांनी पुन्हा निवडणूक घेतली, ती होते न होते तोवर हे परत आले, पुन्हा वायर, पुन्हा अध्यक्ष. साडेबाराला जेवायला गेले. दिवसभर आमच्या पडद्यावर नावं कधी दिसायची, कधी नाहीशी व्हायची. माझी एक भरलेली गाडी फाटकात उभी, ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतोय, आणि मला बिल काढायला अकौंट्सचं मशीन सापडेना.

चार वाजता आण्णा उठले, पुतण्यापुढं जाऊन उभे राहिले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी नवं हाय, भारी हाय, मान्य हाय. पन तुमी हितं ऱ्हानार न्हाय. जो ऱ्हानार न्हाय त्येनं उभं ऱ्हायचं न्हाय." पुतण्याला वाटलं, हा म्हातारा आपल्या डायरेक्टर होण्याबद्दल बोलतोय. तो लालबुंद होऊन काकांकडं गेला. मालकांनी आण्णांना केबिनमध्ये बोलावलं आणि आण्णांनी त्यांना कॉम्प्युटरांची निवडणूक पहिल्यापासून समजावून सांगायला घेतली. पाऊण तासानं मालक बाहेर आले ते कपाळ चोळत. त्यांनी पुतण्याला सांगितलं की हे म्हणतात ते करून टाक. आण्णांनी लॅपटॉपमधली कसलीशी सोय बंद केली, आणि फळ्यावर लिहिलं, 'लॅपटॉपचा अर्ज बाद.'

आता ही झाली ऑफिसातली गंमत. घरचं आण्णा काही बोलायचे नाहीत. लग्न केलेलं नव्हतं एवढं ठाऊक होतं. साडेपाचचा भोंगा झाला की कोणी कितीही महत्त्वाचं बोलत असो, आण्णा अर्ध्या वाक्यात सायकलवर. कोणी म्हणायचं घरी कडक आई असेल, कोणी आणखी काही म्हणायचं. मीही म्हटलं असेन. नोकरीची त्यांची तीन-चार वर्षं उरली असताना एका रविवारी ते पार्टिशनच्या फुटक्या काचेतून म्हणाले, उद्या सुट्टी आहे, चहाला ये. आमच्याकडं सुट्टी सोमवारची. मी उगीच होय म्हणून गेलो.

घर कळंब्याला, जेलच्या पुढं दोन गल्ल्या सोडून. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत एक पन्नाशीकडं झुकलेला माणूस पाटावर बसून शेंगा सोलत होता. डोक्यावर बारीक कापलेले पांढरे केस, तोंडावर लहान मुलासारखी तुकतुकी. त्यानं माझ्याकडं बघितलं, सोललेला एक दाणा माझ्या पुढ्यात ठेवला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला. आण्णा म्हणाले, हा सुभाष, आमचा धाकटा. बोलत नाही. जन्मल्यापासूनच असा आहे, पण समजतं सगळं. आई-वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. सकाळी जाताना आण्णा त्याला जेवू घालून शेजारच्या बाईंच्या नजरेखाली ठेवायचे, आणि साडेपाचला भोंग्याबरोबर सुटायचे ते त्याच्यासाठी. मी इतकी वर्षं त्या भोंग्याची चेष्टा केली होती. मी पुढ्यातला दाणा उचलून खाल्ला.

पुढं दर सोमवारी बोलावणं यायला लागलं. आणि खरं सांगतो, तिसऱ्या-चौथ्या सोमवारनंतर मला त्याचा वैताग यायला लागला. आण्णा चहा द्यायचे आणि सुभाषच्या सवयी सांगत बसायचे. त्याला चहा कपात चालत नाही, बशीत लागतो. जेवताना दाराकडं पाठ पाहिजे. ताट स्टीलचं नको, वाजतं. शेजारी कुकरची शिट्टी झाली की तो घाबरतो, तेव्हा हात न धरता नुसतं त्याच्याबरोबर बाहेर जाऊन उभं राहायचं. शर्ट घालताना उजवी बाही आधी. ऊठ म्हटलं की उठत नाही. "चला साहेब" म्हटलं की उठतो. मालकांनासुद्धा आण्णा कधी इतक्या अदबीनं साहेब म्हणाले नसतील.

आणि एवढ्यावर थांबायचे नाहीत. निघताना मला फाटकात अडवायचे आणि म्हणायचे, आता तू सांग बघू. मी शाळेतल्या पोरासारखा म्हणून दाखवायचो, बशी, पाठ, शिट्टी, उजवी बाही. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी चिडून म्हटलं, आण्णा, एका वहीत लिहून ठेवा आणि मोकळे व्हा. त्यांनी मान हलवली. "वही जुनी होती मर्दा. गेल्या साली त्येला दूध लागायचं, आता वास बी सोसत न्हाय. त्यो रोज बदलतोय की. यादी ताजी पायजे."

घरी येऊन मी हे सगळं बायकोला नकला करून सांगायचो. पहिल्यांदा ती हसली. मग एक दिवस कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "ते तुम्हाला चहा देत न्हाईत. चार्ज देताहेत."

मला एकदम राग आला. बायकोचा नव्हे, आण्णांचा. मला कोणी विचारलं होतं का? माझा संसार, माझी कंबर, माझी नोकरी, यात हे कुठून आलं? त्या रागात मी पुढचे काही सोमवार चुकवले. एकदा बायकोच्या माहेरी कार्य होतं ते खरं. एकदा आजऱ्याला जायचंय म्हणून सांगितलं आणि घरीच पडून राहिलो. एकदा फोन घेतला नाही. आण्णा मंगळवारी ऑफिसात भेटले की फक्त "असू दे" म्हणायचे आणि मस्टर उघडायचे. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

नंतर ऑफिसातलं जाळंच बदललं. मोठा सर्व्हर आला, सगळ्यांना नवीन मशीनं आली, आणि यादी कुठं असते आणि कोण ठेवतं याचा कोणाशी संबंध उरला नाही. फळ्यावरचा चौकोन आण्णांनी स्वतःच्या हातानं पुसला. जुनी तेवीस मशीनं भंगारात निघाली त्या दिवशी ते गाडीपाशी मस्टर घेऊन उभे होते आणि एकेक चढेल तसं एकेकाच्या नावापुढं रेघ मारत होते. माझं डिस्पॅच २ शेवटी चढलं. त्याला त्यांनी हातानं जरा पुसून दिलं. हसावं की काय करावं मला कळेना. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी आपल्या जागी आलेल्या माणसाला दोन पेनं दिली.

निवृत्तीनंतरच्या एका सोमवारी मी आपणहून कळंब्याला गेलो. आण्णा खंगलेले दिसले. छातीचं काहीतरी निघालं होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. सुभाष पडवीत झोपला होता. मी मनात साचलेलं सगळं त्या दिवशी बोलून टाकलं. म्हटलं, आण्णा, मला हे झेपायचं नाही. मी त्याला माझ्या घरी नेऊ शकत नाही. आमची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. आणि मीच का? तुमची निपाणीची अक्का आहे, तिची मुलं आहेत, शिकलेली आहेत.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून बोलले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज खाली आलेला मी तेवढाच ऐकला. पन्हाळ्याच्या वाटेवर एक संस्था आहे, तिथं त्यांनी बोलून ठेवलं होतं, कागद झाले होते. माणसं चांगली होती. खाणं, राहणं, औषध, सगळं बघणार होती.

"तुझ्या घरात ठेव म्हनत न्हाय मी. ती मानसं त्येला सांभाळतील. पन त्येंच्यापाशी अशी चाळीस मानसं हायत. कोन कशाला रडतोय, त्येंना काय ठावं? ते मी गेलो की संपलं बग. त्येला वळखनारं कोनतरी ऱ्हाऊ दे."

मी पुन्हा विचारलं, मग मीच का.

"अक्काची पोरं हुशार हायत. एक बेंगलोरला, एक तिकडं दुबईला. ती येतील, रडतील, जातील," आण्णा म्हणाले. "तू हुशार न्हाईस, माने. पन तू जात न्हाईस. बावीस वर्सं बगतोय, त्याच खुर्चीत हाईस."

माझा इतका मोठा सत्कार कोणी केलेला नाही, आणि इतका अपमानही.  होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. निघताना त्यांनी मला फाटकात अडवलं नाही, तेव्हा मीच थांबलो आणि बशीपासून बाहीपर्यंत सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

त्यानंतर मी एकही सोमवार चुकवला नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. जायचो, पण कधी-कधी मोबाइलवर मॅच चालू असायची आणि आण्णा सांगत असायचे, मी नुसतं हं हं करत असायचो. आण्णांना ते कळत होतं. ते मॅच संपेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा सांगायचे. शेवटी-शेवटी धाप लागायची, मग थोडंसंच सांगायचे.

पुढच्या वर्षी, थंडीत, एका शुक्रवारी सकाळी शेजारच्या बाईंचा फोन आला. आण्णा आंघोळीचं पाणी तापवायला गेले आणि न्हाणीच्या दारात बसले ते उठलेच नाहीत. मी पोहोचलो तेव्हा पडवी माणसांनी भरली होती. अक्का निपाणीहून येऊन पोहोचली होती आणि रडत होती. आण्णांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. आणि सुभाष भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा होता. कोणी त्याला हाताला धरून ओढत होतं, कोणी 'चल, बस' म्हणत होतं, कोणी स्टीलच्या ताटात पोहे घालून त्याच्या तोंडाशी नेत होतं. सगळी माणसं मायेनंच करत होती. एकालाही ठाऊक नव्हतं.

मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. माझा आवाज मोठा नाही, पण त्या दिवशी निघाला. लाकडी पाट घेतला, दाराकडं पाठ येईल असा मांडला. केळीच्या पानाचा तुकडा मागवून पोहे त्यावर काढले. बशीत चहा ओतला. मग त्याच्या शेजारी जाऊन, हात न लावता, म्हटलं, चला साहेब. तो लगेच आला नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यानं भिंतीपासून तोंड काढलं, माझ्याकडं बघितलं आणि येऊन पाटावर बसला. बशी दोन्ही हातांनी उचलली. त्याला चहा पिताना बघून मी रडायला लागलो, ते मला आवरेना. आण्णा आतल्या खोलीत होते आणि त्यांना सांगायची सोय नव्हती की बरोबर झालं म्हणून.

सुभाष आता संस्थेत असतो. मी दर सोमवारी एसटीनं जातो. तिथल्या ताईंना मी सगळं सांगितलं आहे, त्यांनी एका मोठ्या कागदावर लिहून त्याच्या खाटेपाशी लावलंय. त्याची आता पाटाची सवय सुटलीय, तो बाकावर बसतो. दुधाचा वास पुन्हा चालायला लागलाय. हे मी बायकोला येऊन सांगतो आणि तिच्याकडून म्हणून घेतो. तिचं माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे.

एक गोष्ट मात्र मला येत नाही. गेले काही महिने सुभाष मी गेल्यावर माझ्या शेजारी बसतो, आपल्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरतो, आणि मग तोच हात माझ्या गुडघ्यावर ठेवतो. ठेवून माझ्याकडं बघत राहतो. त्याला काहीतरी हवंय, किंवा तो काहीतरी विचारतोय. मी पाणी देऊन बघितलं. कान दुखतो का म्हणून डॉक्टरांना दाखवलं, कान चांगला आहे. रेडिओ लावून बघितला. आण्णांचा फोटो नेला, तो त्यानं बघितला आणि खिशात घातला, पण पुन्हा कानाला हात, पुन्हा गुडघा. ताईंना ठाऊक नाही, अक्काला ठाऊक नाही, शेजारच्या बाईंनाही ठाऊक नाही.

आण्णांनी हे मला सांगितलं असेल. मी हं हं म्हटलं असेन. किंवा मी घरी पडून होतो त्या सोमवारी सांगायचं ठरवलं असेल. किंवा हे आण्णांच्या वेळी नव्हतंच, त्यांच्यानंतर सुभाषनं नवीन काढलेलं असेल. यातलं कुठलं खरं, ते सांगणारं आता कोणी नाही. बसमध्ये परत येताना मी याचाच विचार करतो आणि स्वतःवर चिडतो.

गेल्या सोमवारी मी त्याला सरळ सांगितलं, "सुभाष, मला न्हाय कळत. आण्णाला कळलं असतं, मला न्हाय कळत." मला वाटलं, तो रागवेल, कोपऱ्यात जाईल. तो गेला नाही. त्यानं माझा हात घेतला. माझी दोन बोटं माझ्याच डाव्या कानाच्या पाळीला लावली, आपल्या हातानं दाबून धरली, मग तो हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. थांबला. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पुन्हा, आणखी सावकाश. मतिमंद मुलाला शिकवावं तसं तो मला शिकवत होता, न कंटाळता, शेवटची बस यायची वेळ होईपर्यंत.

मला अजून आलेलं नाही.